यंत्राचा निर्णय कोणाचा?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी भारताचे ‘विक्रम’ हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद उतरले. बंगळूरच्या नियंत्रणकक्षात टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु त्याआधीच्या सुमारे एकोणीस मिनिटांत त्या कक्षातील कोणाच्याही हाती यानाचे सुकाणू नव्हते. विक्रम आपला आपणच उतरत होता.

असे का बरे केले असावे? चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. तेथील संदेश येथे पोहोचून उलट आज्ञा तेथे जाईपर्यंत अडीच सेकंदांहून अधिक काळ जातो. उतरू लागताना यान सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने धावत होते. म्हणजे ‘थांब’ हा शब्द त्याच्या कानी पडेपर्यंत ते चार किलोमीटर पुढे गेलेले असायचे!

अशी कामे स्वयंनिर्णयी यंत्रे करतात. त्यांना रोबोट असेही म्हणतात. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून हा शब्द जगभर गेला. त्यांच्या भाषेतील वेठीच्या कामाला असलेल्या शब्दावरून तो घडविलेला आहे. आपले घड्याळही आपोआप चालते. पण भोवती काय घडते आहे याची त्याला दादही नसते. रोबोट मात्र भोवतालची माहिती घेतो, पूर्वी मिळालेल्या सूचनांशी ती ताडून पाहतो आणि त्याप्रमाणे हालचाल करतो. विक्रमने उंची मोजली, वेग मोजला; १५० मीटरांवर क्षणभर तरंगत राहून खाली खड्डे-धोंडे आहेत काय हे कॅमेऱ्याने न्याहाळले, आणि मगच पाय टेकले.

“यंत्राने स्वतः निर्णय घेतला!” असे त्या दिवशी पुष्कळ जण म्हणाले. मला हे बोलणे पुरते पटत नाही.

त्याच नावाचे पहिले यान ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रावर उतरत होते. त्याच्या इंजिनांनी अपेक्षेहून थोडा अधिक जोर दिला. ती चूक सावरायला झटकन वळणे आवश्यक होते. परंतु किती वेगाने वळावे याची मर्यादा आधीच घालून ठेवलेली होती. शिवाय उतरण्यासाठी ५०० मीटर लांब व तितकीच रुंद एवढीच जागा नेमून दिलेली होती. ती गाठण्याची धडपड करता करता ते कोसळले. बिचारे दिलेल्या आज्ञाच पाळीत होते! शास्त्रज्ञांनी दोष यंत्राच्या माथी मारला नाही. पुढील यानासाठी त्यांनी ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद जागा आखली, इंधन वाढविले, पाय बळकट केले, आणि काय काय बिघडू शकेल याचा कसून विचार केला. त्या सायंकाळचे निर्णय मला वाटते या चार वर्षांतच झाले होते.

चंद्रावर यान फुटले; पृथ्वीवर माणसे असतात. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात चाचणीसाठी रस्त्यावर आणलेल्या एका स्वयंचलित मोटारीची धडक बसून एक पादचारी स्त्री मरण पावली. लक्ष ठेवण्यासाठी आत बसविलेल्या व्यक्तीचे लक्ष रस्त्यावर नव्हते. चौकशीत आणखीही एक गोष्ट आढळली. नेमलेली जागा सोडून माणूस भलतीकडेच रस्ता ओलांडील, हा विचारच त्या यंत्रणेच्या रचनेत केलेला नव्हता. आपल्या कोणत्याही गावच्या चौकात पाच मिनिटे उभे राहिले असते तरी तो सुचला असता! अशा वेळी ‘यंत्र चुकले’ म्हणून हात झटकणे मला अन्यायाचे वाटते. यंत्राला शिक्षा करता येत नाही आणि त्याला पश्चात्तापही होत नाही. ते घडविणाऱ्यांना आणि रस्त्यावर आणणाऱ्यांना जाब विचारता आला पाहिजे.

यंत्रावर काय सोपवावे आणि काय आपल्या हाती ठेवावे, हेही माणसानेच ठरवायचे असते. विक्रमच्या पोटातून उतरलेली ‘प्रज्ञान’ ही सहा चाकांची गाडी सेकंदाला अवघा सेंटीमीटरभर सरकत असे. २७ ऑगस्टला तिच्यापुढे तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचा एक खड्डा आला. येथे घाई मुळीच नव्हती. पृथ्वीवरील माणसांनी तो पाहिला, विचार केला आणि आज्ञा धाडली. गाडी आल्या वाटेने मागे फिरली.