मंडळीतील मौन आणि याकोबाचा लगाम

ख्रिस्ती माणसाने आपल्या बोलण्यावर ताबा ठेवावा, याविषयी महाराष्ट्रातील मंडळ्यांत, म्हणजे गावोगावी उपासनेसाठी एकत्र येणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायांत, मतभेद नाही. मतभेद आहे तो ताबा कशाला म्हणावे याविषयी, आणि तो उघडपणे मांडला जात नसल्यामुळे प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा अर्थ शास्त्राच्या नावावर खपवत असतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि भडगाव, पाचोरा, चाळीसगाव अशा खानदेशातील तालुक्याच्या गावी, जिथे सगळेच एकमेकांना ओळखतात, अल्पसंख्य समुदायातील माणसाचा शब्द त्याचा एकट्याचा राहत नाही, तो साऱ्या मंडळीच्या नावावर जमा होतो. म्हणूनच अशा ठिकाणी या प्रश्नाची शहानिशा मोठ्या शहरापेक्षा अधिक निकडीची ठरते.

पहिला पूर्वपक्ष असा की, वाणीसंयम म्हणजे मौन. या मताचे पुरस्कर्ते याकोबाच्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवतात, कारण जीभ लहान असूनही लगामाप्रमाणे, सुकाणूप्रमाणे सबंध शरीराला वळवते, एका ठिणगीने रान पेटावे तसा अनर्थ ओढवते आणि माणसाला ती वश होत नाही, हे विवेचन तिथेच आहे. मंडळीच्या जमाखर्चाविषयी एखाद्याने प्रश्न विचारला, पाळकाच्या वागण्याविषयी एखाद्या भगिनीने तक्रार केली, की हाच अध्याय वाचून दाखवला जातो आणि विचारणारा माणूस ‘जिभेचा सैल’ ठरतो.

या वाचनातील दोष शोधायला फार दूर जावे लागत नाही. त्या अध्यायाचे पहिलेच वचन शिक्षकांना उद्देशून आहे: तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्याचा न्याय अधिक कडक होणार आहे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे लगामाची आणि सुकाणूची सारी चर्चा प्रथम लागू होते ती व्यासपीठावरून बोलणाऱ्याला, ज्याच्या एका शब्दाने सभा वळते त्याला. बाकावर बसून ऐकणाऱ्याला ती लागू होते, पण नंतर. ज्याच्यासाठी औषध लिहून दिले त्याने ते स्वतः न घेता दुसऱ्याच्या घशात ओतावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय हाच याकोब दुसऱ्या अध्यायात सभेत श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना खडसावतो, आणि पाचव्या अध्यायात शेतमजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धनिकांवर असा प्रहार करतो की, तो कोणत्याही मापाने सौम्य म्हणता येणार नाही. संयमाचा अर्थ मौन असता, तर या पत्राचा लेखक स्वतःच्याच कसोटीवर नापास झाला असता.

येशूच्या चरित्रातही मौन हा नियम नाही, निवड आहे. हेरोदाने कुतूहलापोटी पुष्कळ प्रश्न विचारले तेव्हा येशूने काहीच उत्तर दिले नाही, असे लूक सांगतो. परंतु महायाजकापुढील चौकशीत शिपायाने चपराक मारली तेव्हा, वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, आणि बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असा जाब त्याने विचारला, असे योहान नमूद करतो. तमाशा पाहू इच्छिणाऱ्यापुढे मौन आणि अन्याय करणाऱ्यापुढे प्रश्न, ही दोन्ही एकाच संयमाची रूपे आहेत. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात तर मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस आणि उत्तर दे, अशी परस्परविरोधी दिसणारी दोन वचने एकापाठोपाठ ठेवलेली आहेत; ज्याला पाठांतराने संयम साधायचा आहे, त्याची वाट तिथेच अडते.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या पूर्वपक्षाला सर्वांत सज्जड उत्तर पंडिता रमाबाईंनी दिले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्रैक्याच्या सिद्धांतापासून धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेपर्यंत अनेक बाबतींत त्यांनी शंका उपस्थित केल्या, आणि तेथील ज्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांना त्या आईच्या ठिकाणी मानत, त्यांनी या शंकांमध्ये अहंकार पाहिला. रमाबाईंचा पत्रांतील पवित्रा मात्र स्पष्ट होता: एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आलेल्या बाईने दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्याचे कारण नाही. १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेला हा पत्रव्यवहार वाचताना जाणवते ते असे की, रमाबाई तीव्र मतभेद व्यक्त करतात, पण माया आणि ऋण यांचा उल्लेख पुसून टाकत नाहीत. त्यांना गप्प राहण्याचा सल्ला देणाऱ्यांनी ज्याला उद्धटपणा म्हटले, त्याला आज संयमाचा नमुना म्हणण्यास हरकत नसावी.

दुसरा पूर्वपक्ष याच्या उलट टोकाचा आहे. त्याचे म्हणणे असे की, साक्ष देणे, म्हणजे आपल्या विश्वासाची जाहीर ग्वाही देणे, हे कर्तव्य असल्याने सत्य सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या भावनेची फिकीर करू नये; सत्य असले की पुरे. या मताची किंमत मराठी मुलखाने एकोणिसाव्या शतकातच मोजली आहे. १८२९ मध्ये मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यातील वाद, १८३१ मधील दांडेकरांचा ‘हिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ, त्याला विल्सन यांनी पुढच्याच वर्षी दिलेले उत्तर, आणि १८५७ च्या जानेवारी ते मे या काळात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि जॉर्ज बोवेन प्रभृती मिशनरी यांच्यात झडलेल्या जाहीर चर्चा, या साऱ्यांत विद्वत्ता होती, धैर्य होते, आणि श्रोत्यांची गर्दीही होती. समुद्रकिनारीच्या चर्चेचे वृत्त दोन्ही बाजूंनी आपापले छापले. पण एकमेकांच्या दैवतांची उणीदुणी काढण्यात जी शक्ती खर्ची पडली, तिच्यातून ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न दोन्हीकडे दुय्यम राहिला. पौल इफिसकरांस लिहिताना नेमका तोच प्रश्न पहिला ठेवतो: तोंडातून निघणारा शब्द गरजेप्रमाणे उन्नती करणारा आणि ऐकणाऱ्याला कृपा देणारा असावा. त्याच अध्यायात लबाडी टाकून शेजाऱ्याशी खरे बोला असेही सांगितले आहे, म्हणजे सत्याला तिथे मुळीच सूट नाही. फक्त सत्य ही बोलण्याची पहिली अट आहे, एकमेव अट नव्हे.

स्वतः पौल या अटीत एकदा चुकला, आणि ती चूक प्रेषितांच्या कृत्यांत झाकलेली नाही. न्यायसभेत त्याच्या तोंडावर मारण्याचा हुकूम झाला तेव्हा त्याने हुकूम देणाऱ्याला चुना लावलेली भिंत म्हटले. तो महायाजक असल्याचे कळताच अधिकाऱ्याविषयी वाईट बोलू नये हे शास्त्रवचन त्याने स्वतःच सांगितले. आरोप त्याने मागे घेतला असे तिथे दिसत नाही, त्याने सावरला तो शब्द. परखडपणाचा अभिमान बाळगणारे वक्ते या प्रसंगावर क्वचितच संदेश देतात.

संयमाची गल्लत सभ्यतेशी होते, तीही दूर केली पाहिजे. खानदेशात घरची भाषा बहुधा अहिराणी आणि उपासनेची भाषा प्रमाण मराठी. अहिराणीत थोरांशीही एकेरीत बोलण्याची रीत आहे आणि बोलणे थेट, आडपडदा नसलेले असते. त्यामुळे मंडळीत उभे राहून घरच्या भाषेत बोलणारी म्हातारी बेलगाम वाटते, तर गुळगुळीत प्रमाण भाषेत दुसऱ्याच्या संसाराची लक्तरे ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून मांडणारा माणूस आत्मिक वाटतो. अमुक बंधूंसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी असे असे चालले आहे, या वाक्यात एकही अपशब्द नसतो, तरी याकोबाने चौथ्या अध्यायात निषिद्ध ठरवलेली निंदा हीच आहे. डोळे मिटून केली म्हणून चहाडी प्रार्थना होत नाही.

येथे एक रास्त आक्षेप येतो: हे सारे ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यालाही ठाऊक आहे. तो खरा आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय तप, म्हणजे वाणीने करावयाचे तप, सांगितले असून कोणाला न दुखवणारे, खरे, प्रिय आणि हितकर बोलणे हे त्याचे लक्षण आहे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, तेव्हा खानदेशाला हा विचार परका नाही. ख्रिस्ती माणसाने त्यावर मक्तेदारी सांगण्याचे कारण नाही. फरक आहे तो पायाचा. पौल गलतीकरांस लिहिताना इंद्रियदमनाला, म्हणजे स्वतःवरील ताब्याला, आत्म्याच्या फळात गणतो, तपाच्या कमाईत नव्हे; आणि मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशू मुखाचे मूळ अंतःकरणात दाखवून प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल असे बजावतो. हा इशाराही त्याने दिला तो धर्मशास्त्र जाणणाऱ्या परूश्यांना, आजाऱ्याला बरे करण्याचे श्रेय सैतानाला देणाऱ्यांना.

अशा संयमाचे मराठीतील सर्वांत जिवंत उदाहरण धर्मग्रंथात नसून आत्मचरित्रात आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये, ज्याचे भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता घर सोडून जाणे, हातचा पैसा वाटून टाकणे, १८९५ मधील त्यांच्या धर्मांतराने पत्नीवर कोसळलेले दुःख, यांपैकी काहीही लपवलेले नाही. तरीही वाचकाच्या मनात टिळकांविषयी तिरस्कार उरत नाही, कारण लेखिका हसते ती आधी स्वतःला, आणि दोष सांगताना माणूस पुरता उभा करते. मौनपक्षाच्या मते हे पुस्तक लिहायलाच नको होते, आणि परखडपक्षाने ते लिहिले असते तर त्याचे आरोपपत्र झाले असते.

व्यवहारात ही रीत मंडळीने कशी चालवावी, याचा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे: प्रथम एकांतात, मग एकदोघांना बरोबर घेऊन, आणि तरीही ऐकले नाही तर मंडळीपुढे. पहिली पायरी गाळणारा चहाडखोर होतो आणि तिसरी गाळणारा अपराध्याचा साथीदार. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील एकोणिसावे वचन, दोनतीन साक्षीदारांवाचून वडिलावरील, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यावरील आरोप स्वीकारू नये असे सांगणारे, कारभारी मंडळींना तोंडपाठ असते. त्याच्या लगेच पुढचे विसावे वचन, पाप करीत राहणाऱ्यांचा दोष सर्वांसमक्ष दाखवावा असे सांगणारे, त्याच सभेत त्याच आवाजात वाचले गेले पाहिजे.