गळ्यातली ग्रंथी आणि घरातले मीठ



आषाढात भुशी, कुरवंडे या बाजूला लावणीची एकच घाई असते. दिवसभर ओणव्याने आवण लावून कोणाचीही कंबर मोडेल. पण रात्री पुरी झोप होऊनही सकाळी अंग उचलत नाही, इतरांना उकडते तेव्हा हिला थंडी वाजते, खाणे बेताचे असून अंग सुटते, केस गळतात, कातडी खरखरीत होते, शौचास खडा होतो, पाळीत जास्त जाते, आवाज घोगरा होतो, अशी चार लक्षणे एकत्र दिसली तर ती बाई आळशी नाही. ती आजारी असू शकते. घरच्यांनी बोल लावण्याआधी तिला दवाखान्यात न्यावे.

शरीरातील काही ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात. त्या रसांना संप्रेरके किंवा हार्मोन्स म्हणतात. स्वादुपिंडाचे इन्सुलिन कमी पडले किंवा त्याचा गुण लागेनासा झाला की मधुमेह होतो. तशीच गळ्याच्या पुढच्या बाजूस थायरॉईड नावाची ग्रंथी असते. शरीराच्या चुलीचा जाळ किती ठेवायचा, हे ती ठरवते. जाळ मंदावला की वर सांगितलेली लक्षणे दिसतात. जाळ भडकला की उलटे होते: भूक चांगली असून वजन उतरते, छाती धडधडते, हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते, कधी डोळे पुढे आल्यासारखे दिसतात. हे विकार बायकांत अधिक आढळतात, पण पुरुषांनाही होतात.

या ग्रंथीला आपला रस तयार करण्यासाठी आयोडीन लागते. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे सुईच्या टोकावर राहील इतके, आणि गरोदरपणी 250. ते मिळाले नाही तर ग्रंथी फुगते. त्यालाच गलगंड म्हणतात. वर्षानुवर्षांच्या मुसळधार पावसाने व पुराने जमिनीतले आयोडीन धुऊन जाते, मग त्या मातीतल्या धान्यात आणि भाजीतही ते कमी उतरते. आपला मावळ तर पावसाचेच माहेर. म्हणून केवळ शेतातल्या पिकावर विसंबू नये.

यावरचा उपाय आपल्याच देशात पारखला गेला. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनचे मीठ आणि एका भागात साधे मीठ पुरविले. काही वर्षांत आयोडीनचे मीठ खाणाऱ्या भागांतला गलगंड उतरला. साध्या मिठाच्या भागात तसे झाले नाही. पुढे 1962 साली सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. मे 2006 पासून माणसांच्या खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

तरीही घरात चूक होते ती अशी. गुराढोरांसाठी खड्या मिठाचे पोते येते आणि त्यातलेच मीठ स्वयंपाकाला वापरले जाते. गुरांचे मीठ गोठ्यातच ठेवावे. स्वयंपाकासाठी ‘आयोडीनयुक्त’ असे छापलेला बंद पुडा घ्यावा. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते आणि त्याबरोबर आयोडीनही जाते. म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे आणि ओला हात घालू नये. भाजीत मीठ शेवटी टाकले तर बरे. मात्र आयोडीनच्या नावाखाली मीठ वाढवू नये, रक्तदाब वाढतो.

हेही ध्यानात ठेवावे की आयोडीनची कमतरता हे एकच कारण नव्हे. पुष्कळदा शरीराची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटते. तेव्हा नुसत्या मिठाने भागत नाही, आणि ‘हार्मोन सुधारणारी’ चूर्णेही कामाची नाहीत. टी.एस.एच. नावाची रक्ताची तपासणी करावी. रस कमी पडत असेल तर डॉक्टर थायरॉक्सिनची गोळी देतात. ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी व अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत व हिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नये.

सर्वांत मोठी काळजी गरोदर बाईची. पोटातल्या बाळाचा मेंदू आईच्या या रसावर वाढतो. गोळी चालू असेल तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. मात्रा बहुधा वाढवावी लागते. जन्मलेले बाळ फार सुस्त असेल, नीट ओढत नसेल, रडणे घोगरे असेल, कावीळ लांबली असेल, तर ‘गरीब बाळ आहे’ म्हणून कौतुक करीत बसू नये. पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झाले तर मूल इतरांसारखे वाढते. उशीर झाला तर बुद्धीचे झालेले नुकसान भरून येत नाही.

तेव्हा आज दोन गोष्टी कराव्यात. स्वयंपाकघरातला मिठाचा पुडा वाचावा. आशाताईंकडे मीठ तपासण्याची पेटी असेल तर चिमूटभर तपासून घ्यावे. आणि घरात कोणी बरेच दिवस न सांगता थकत असेल, तर लावणी आटोपण्याची वाट न पाहता तिला आरोग्य केंद्रात घेऊन जावे.