कापसाच्या गाठीमागचा हिशेब

अमेरिकेतील शाळांमध्ये दर फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे आणि संस्कृतीचे स्मरण करणारे कार्यक्रम होतात. कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ मध्ये आरंभिलेल्या सप्ताहाला १९७६ पासून महिन्याचे स्वरूप आले. बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात हा विषय घ्यावा, असे कोणी सुचविल्यास पालक प्रथम विचारतील, ‘त्याचा आपल्याशी काय संबंध?’

उत्तर खामगावच्या कापूस बाजारात आहे. १८६१ पूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येत असे. तो पिकविणाऱ्या हातांना मजुरी नव्हती. १८६० मध्ये त्या देशात सुमारे ४० लाख माणसे गुलामीत होती. लिलावात आईपासून मूल तोडले जाई. गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोहोचली, तीही कापसासाठीच.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव उतरले. त्याच वर्षी अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. व्यापाराच्या वहीत मंदीची नोंद होते, मुक्तीची होत नाही. महाराष्ट्रात ती नोंद महात्मा जोतीराव फुले यांनी घेतली. १८७३ मधील आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला.

गुलामीतच जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी घरांत परिचित आहेत. सतत कापूस घेऊन निकस झालेल्या जमिनीत भुईमूग लावण्यास त्यांनी शेतकऱ्यांना शिकविले. आयुष्यभराची शिल्लक संशोधनासाठी देऊन टाकली. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यातील मुलांना रंगमंचावर आणण्यास याहून जवळची कथा कोणती?

पेढीचा हिशेब जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्यावरच जुळतो. तेजीच्या गोष्टी आजोबा नातवंडांना कौतुकाने सांगतात. ती तेजी कोणाच्या दुःखाच्या पाठीवरून आली, हेही त्यांनी सांगावे. त्याने वारशाला उणेपणा येत नाही; हिशेब तेवढा पूर्ण होतो.