वण आणि खेळते भांडवल

चाकणच्या कांदाबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हल्ली बैलगाडी दिसत नाही. दिसतात त्या कामगारांना नेणाऱ्या कारखान्यांच्या बसगाड्या. आमच्या आळीतला एक तरुण अशाच बसने कामाला जातो. कंत्राटी नोकरी, दर आठवड्याला बदलणारी पाळी. सहा वर्षांपूर्वी त्याच्या आईने आपले एक मूत्रपिंड त्याला दिले. परवा तो येऊन म्हणाला, "काका, ज्या गोळ्या आईची किडनी सांभाळतात, त्याच तिच्यावर वण पाडतात म्हणे. मग त्या घ्यायच्या कशाला?"

प्रश्न चुकीचा नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र घातक आहे. परके मूत्रपिंड शरीराला घुसखोर वाटते आणि रक्तातल्या टी-पेशी त्याच्यावर चालून जातात. १९५४ साली बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी प्रत्यारोपण एकरूप जुळ्या भावांमधले होते, म्हणून तिथे हा तंटा झाला नाही. इतरांना खरा आधार दिला तो सायक्लोस्पोरिनने आणि पुढे टॅक्रोलिमसने. ही औषधे टी-पेशींना चेतवणारा निरोपच अडवतात. पण तीच मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या आकसवतात, टीजीएफ-बीटा हे द्रव्य वाढवतात, आणि गाळणीचे काम करणाऱ्या नाजूक नळ्यांच्या जागी हळूहळू चिवट तंतू साठतात. हाच तो वण. सिडनीच्या डॉक्टरांनी २००३ साली १२० रुग्णांच्या मूत्रपिंडांचे तुकडे वर्षानुवर्षे तपासून दाखवले, की दहा वर्षांत औषधाच्या खुणा जवळजवळ सगळ्यांत उमटल्या होत्या. क्रिएटिनिन वाढते ते उशिरा. तोवर बरेच नुकसान झालेले असते.

ही झाली वहीची एक बाजू. दुसरी बाजू अशी, की गोळी चुकली तर शरीराचा हल्लाही वणच ठेवतो, आणि तो अधिक वेगाने. कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी २०१२ साली मांडले, की शरीराने नाकारल्यामुळे गेलेल्या मूत्रपिंडांपैकी जवळपास निम्मी औषधे नियमित न घेणाऱ्यांची होती. २००७ साली १,६४५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात टॅक्रोलिमसची कमी मात्रा, जोडीला इतर औषधे, हीच सर्वांत सरस ठरली. म्हणजे औषध सोडायचे नाही, मोजून घ्यायचे. आणि मोजायचे तर रक्तातली पातळी तपासावी लागते. एकाच मात्रेने एकाची पातळी चढते, दुसऱ्याची उतरते. क्षयावरच्या रिफाम्पिसिनने ती घसरते, काही प्रतिजैविकांनी वाढते. त्यात दर बारा तासांची गोळी आणि आठवड्याला बदलणारी पाळी!

बँकेत असताना मी कारखान्यांची कर्जप्रकरणे तपासत असे. यंत्रासाठी मुदतकर्ज मागणाऱ्याला आम्ही हमखास विचारायचो, की खेळते भांडवल कुठून आणणार? ते नसले की नवे कोरे यंत्र असलेला कारखानाही 'आजारी उद्योग' होतो. प्रत्यारोपणाचे आपण नेमके तेच करतो. शस्त्रक्रियेसाठी वर्गणी निघते, ट्रस्ट धावतात, आईचा फोटो छापून येतो. पुढची वीस वर्षे गोळ्या आणि तपासण्या कोण पुरवणार, हे कोणी विचारत नाही.

ही जबाबदारी सरकारने उचलावी, आणि कारखानदारांनीही, असे माझे ठाम मत आहे. टॅक्रोलिमस देणारा जीवाणू जपानमध्ये त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीत सापडला. आपल्याकडेही असे घडले आहे. १९५४ साली सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने पिंपरीच्याच मातीतल्या जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले. त्या जीवाणूचे नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. औषध ही सार्वजनिक गरज आहे, हे या पट्ट्याला नव्याने शिकवायला नको. प्रत्यारोपण झालेल्याला आयुष्यभर गोळ्या मोफत मिळाव्यात, पातळीची तपासणी घराजवळ व्हावी, आणि कामगार कंत्राटी असला तरी त्याला ठरलेली एकच पाळी द्यावी. यात अशक्य काय आहे?

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : गोळी एकही चुकवू नकोस, मात्रा मनाने बदलू नकोस, आणि दर खेपेला डॉक्टरांना पातळी विचार. तो म्हणाला, "विचारतो काका. पण पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आहे."