हिरव्या वस्त्राचे दिवस

चर्चमधून पिशवी आली की आई आधी हात धुते. मग पदराला चष्मा पुसते, ओटीवर उजेडाच्या बाजूला चटई टाकते आणि पिशवीतलं वस्त्र मांडीवर उलगडते. या आठवड्यात आलं ते हिरवं. मिस्सा अर्पण करताना फादर अंगावर घेतात ते, खांद्यावरून खाली सैल सुटणारं. पुढचा काठ पुन्हा उसवलाय. फादर वेदीला टेकून उभे राहतात, दगडाची कड तिथेच घासते, म्हणून दरवर्षी हे वस्त्र त्याच वीतभर जागी विरतं. जवळून पाहिलं तर तिथे हिरव्याच्या तीन छटा दिसतात. मूळ कापडाची एक, आईनं काही वर्षांपूर्वी लावलेल्या पट्टीची दुसरी, आणि गेल्या पावसाळ्यातल्या दोऱ्याची तिसरी.

चाळीसेक वर्षं आई आमच्या गावच्या चर्चची ही शिवणटिपण करते. सगळे रंग तिच्या हाताखालून गेलेत. नाताळ आणि ईस्टरचं पांढरं, कलाबतूच्या वेलबुट्टीचं, मलमलीत गुंडाळून डांबरगोळ्यांच्या वासात ठेवलेलं. आगमनकाळाचं आणि प्रायश्चित्तकाळाचं जांभळं. झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, पेंटेकॉस्ट आणि रक्तसाक्ष्यांचे सण यांचं लाल. आमच्या वसईत जन्मलेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मरण पत्करलेले संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणालाही हेच लाल. एक गुलाबीही आहे, वर्षात दोनच रविवार बाहेर निघणारं. या सगळ्यांत कलाबतूचं पांढरं वर्षानुवर्षं कोरं राहतं. फाटतं ते हिरवं, कारण उपासनेच्या वर्षातले तेहतीस-चौतीस आठवडे त्याचेच असतात.

या आठवड्यांना आपण ‘सामान्य काळ’ म्हणतो. हे नाव मला कधीच आवडलं नाही. त्यात ना सण, ना उपवास, ना कशाची तयारी. थोडे आठवडे जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि मोठा पट्टा पेंटेकॉस्टनंतर सुरू होऊन नोव्हेंबरअखेर ख्रिस्तराजाच्या सणाशी संपतो. मूळ लॅटिन नावात ‘सामान्य’ या अर्थाचा शब्दच नाही. तिथे नुसतं ‘वर्षभरातला काळ’ असं म्हटलंय. एका फादरांनी मला हे सांगितलं तेव्हा मनापासून बरं वाटलं होतं. वर्षभर, म्हणजे जो सोबत राहतो तो.

लहानपणी मात्र मला हे महिने सोसवत नसत. श्रद्धा म्हणजे नाताळ, ईस्टर आणि त्यांच्याआधीची लगबग, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. डिसेंबर लागला की नाताळच्या गोठ्यासाठी आम्ही पत्र्याच्या डब्यांच्या झाकणांत माती घालून नाचणी पेरायचो आणि ती उगवली का म्हणून दिवसातून दहादा बोट लावून बघायचो. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चचे सगळे दिवे मालवत. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटे, त्या सालचे आकडे कोरलेली मोठी मेणबत्ती त्यावर लावत आणि मग तो उजेड एका हातातून दुसऱ्या हातात जात सगळ्या देवळात पसरे. गुरुवारपासून मुकी झालेली घंटा त्या रात्री पुन्हा बोले. मधल्या दिवसांत घंटेऐवजी वाजवायची ती लाकडी फळी, तिचा तो कोरडा खटखट आवाज मला आजही ऐकू येतो. असं काही असलं तरच देव जवळ आहे असं वाटायचं. पेंटेकॉस्ट उलटला की सगळं संपलं.

धर्मशिक्षणाच्या वर्गात एक चित्र होतं. रिकामी कबर, भोवती कोवळं गवत, पिवळी रानफुलं. बर्फ वितळला, झाडांना पालवी फुटली आणि प्रभू उठला. युरोपात ते खरंच आहे. तिथला ईस्टर वसंतातला. 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा हिशेब. आमच्या घरी कालनिर्णयात पौर्णिमा बघून बाबा तो आधीच सांगत. कधी होळीमागून येतो, बहुतेकदा हनुमान जयंतीमागून. यंदा 2 एप्रिलला, पवित्र गुरुवारीच, हनुमान जयंती होती आणि 5 एप्रिलला ईस्टर. पण आमच्या शेतात तेव्हा कोवळं गवत कुठून असणार? चैत्रात जमीन फाटलेली असते. बांधावरची माती पायाखाली भुगा होते. कबर उघडते ती अशा उन्हाळ्यात आणि हिरवं काही दिसायला पुढे सात आठवडे जावे लागतात.

पाय म्हटले की एक आठवण येतेच. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. ते बारा जण पुरुषच असायचे. जानेवारी 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि स्त्रियांनाही त्यांत जागा मिळाली. त्यानंतरच्या एका वर्षी आमच्या फादरांनी आईला बोलावलं. ती आठ दिवस वजरीनं टाचा घासत होती. शेतात राबलेल्या बाईचे पाय. आषाढात चिखल्या, चैत्रात भेगा. तिला फार संकोच वाटत होता. तिच्या निम्म्या वयाचे फादर गुडघ्यांवर बसले, त्यांनी तिच्या टाचेवर पाणी ओतलं, टॉवेलनं टिपलं आणि वाकून पायाचं चुंबन घेतलं. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. रात्री दिवा मालवल्यावर तिनं विचारलं, “भेगा दिसल्या असतील का गं त्यांना?” दिसल्याच असणार. त्यासाठीच तर ते वाकले होते.

पवित्र आत्म्याचा सण, पेंटेकॉस्ट, आमच्याकडे मोठा. नंदाखालचं जुनं चर्च त्याच्याच नावाचं आहे. ईस्टर उशिरा आला तर हा सण थेट मृगाच्या तोंडावर येतो. 2025 साली तो 8 जूनला होता. पाऊस मात्र त्या वर्षी 26 मेलाच मुंबईत येऊन ठेपला होता. पेंटेकॉस्टनंतरच्या आठवड्यात फादर हिरवं वस्त्र घालतात आणि बाहेर राबातली रोपं वर यायला लागलेली असतात. ज्या युरोपात हा रंग ठरला तिथे त्यामागे काय विचार होता ते पंडित सांगतील. मी एवढंच सांगते की आमच्या खिडकीतून बघणाऱ्याला त्याचं स्पष्टीकरण लागत नाही. चर्चच्या दारातून आत हिरवं, बाहेर हिरवं. जूनमध्ये पोपटी, ऑगस्टमध्ये गर्द, पोटरीला आलं की थोडं निळसर. गोव्यात तर ऑगस्टमध्येच नव्या कणसांचं फेस्त होतं, चर्चमध्ये कणसांना आशीर्वाद मिळतो. आमच्याकडच्या ईस्ट इंडियन घरांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा. सुगीचे हे सणही या ‘सामान्य’ काळातच येतात.

रविवारची शुभवर्तमानं तीन वर्षांच्या फेऱ्यानं येतात: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. मार्कच्या वर्षात जूनच्या मध्याला कधीकधी बीजाचा छोटा दाखला येतो. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो आणि ते कसं वाढतं हे त्याला कळत नाही. 2024 साली तो 16 जूनला वाचला गेला. बाबांचा हा आवडता दाखला. एकदा प्रवचनात, माणूस झोपला तरी देव काम करत असतो, असं फादर म्हणाले. घरी येताना बाबा छत्रीखाली मला सांगत होते, “झोपतो म्हणजे आळशी नव्हे हां तो. त्याचं हातातलं सगळं करून झालेलं असतं. राब भाजला, नांगरलं, पेरलं. आता उकरून बघायचं नाही, एवढंच त्याचं काम.” झाकणातली नाचणी बोटानं उकरणारी मी. मला ते लागलं.

बाबा गेले ते ऑगस्टमध्ये. कुठला सण नाही, कुठली पवित्र रात्र नाही. मंगळवार होता आणि पाऊस धरून होता. माणसं ओल्या छत्र्या ओटीवर टेकवून आत येत होती आणि त्या छत्र्यांचं पाणी उंबऱ्याशी साचत होतं. मला एकाएकी काहीच जाणवेनासं झालं. राग नव्हता. देवाशी भांडले असते तरी बरं झालं असतं. नुसतं कोरडं. गुड फ्रायडेला तीन तास ढसाढसा रडणारी मी, आणि स्वतःच्या बापाच्या मिस्साला डोळ्यांत टिपूस नाही. आपली श्रद्धा सणांच्या भरवशावर उभी होती की काय, ही शंका तेव्हा पहिल्यांदा आली. मी ती कुणाला सांगितली नाही.

त्यानंतर चर्चला जात राहिले ते आईमुळे. वाट निसरडी, तिला हात द्यायला कुणीतरी हवं. एकविसावा रविवार, बाविसावा, तेविसावा. गाणीही तीच, प्रार्थनाही त्याच. ओठ हलत होते. मन कुठेतरी तिसरीकडेच. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या माझ्याआधी उत्तरं म्हणायच्या आणि मी त्यांच्या आवाजात माझा आवाज मिसळायची. माझ्याकडे त्या वेळी विश्वास नव्हता, त्यांच्याकडे होता. त्यांनी तो मला काही न विचारता उसना दिला. हे मला फार उशिरा कळलं. आपण एकट्यानं विश्वास ठेवतो असं आपल्याला वाटतं, पण वाळत चाललेल्या माणसाला बाकावरची माणसं धरून ठेवतात.

2 नोव्हेंबर, मृतांचा दिवस. आम्ही बाबांच्या मातीवरचं गवत काढायला गेलो. आई खुरप्यानं काढत होती, मी मुठीनं उपटत होते. संध्याकाळी सगळ्या दफनभूमीत मेणबत्त्या लागल्या. वारा होता, आमची सारखी विझत होती. पलीकडच्या कबरीजवळचा एक मुलगा आपली मेणबत्ती घेऊन आला, आमची लावून दिली आणि परत गेला. थोड्या वेळानं पुन्हा विझली, तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला रडू फुटलं. ऑगस्टपासून राहिलेलं सगळं.

तीन महिने काहीच होत नव्हतं असं मी म्हणत होते. काय होत होतं ते मला दिसत नव्हतं, एवढंच खरं. म्हणून आता मला या हिरव्या महिन्यांबद्दल कुणी ‘काही विशेष नसतं’ म्हटलं की दुखतं. नाताळला देव जन्मतो, ईस्टरला उठतो. पण त्यानं आपल्यात मूळ धरायला जे दिवस लागतात ते हेच, मोजून काढलेले, पंधरावा, सोळावा, सतरावा.

हिरवं म्हणताना आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. खिडकीतून दिसणारं ते शेत आता अर्धंच उरलंय. पलीकडे चार मजले उभे राहिलेत. माती टाकून पाणथळ बुजवली आणि पाऊस आला की पाणी आमच्या अंगणात येतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’साठी लोकांना घेऊन लढा दिला. त्यांना ‘सुवार्ता’चे संपादक म्हणून, 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र ओळखतो. आमच्यासाठी ते विहिरी आणि वाड्या वाचवायला रस्त्यावर उतरलेले फादर होते. 25 जुलै 2024 रोजी ते गेले, ऐन पावसाळ्यात. मिस्सा आणि पाणी, प्रार्थना आणि जमीन हे त्यांनी कधी वेगळं मानलं नाही. पेरणाऱ्याचा दाखला वाचायचा आणि पेरायला जमीनच ठेवायची नाही, हे आपल्याला कसं चालतं, मला कळत नाही.

तोच दाखला या रविवारी, 12 जुलैला, आहे. मत्तयचं वर्ष, पंधरावा रविवार. काही बी वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. आमच्या उरलेल्या अर्ध्या शेतात याच आठवड्यात लावणी आहे. फादर वाचत असतील तेव्हा मागच्या बाकांवर बसलेल्यांच्या नखांत चिखल असेल.

तोवर काठ शिवून व्हायला हवा. आईला आता सुईचं भोक दिसत नाही, ते काम माझ्याकडे आलंय. मी डब्यातली हिरव्या दोऱ्यांची रिळं एकेक करून कापडावर धरून बघते. कुठलंच तंतोतंत जुळत नाही. त्यातल्या त्यात जवळचं घेते, ओवते आणि गाठ मारायला जाते. आई माझा हात थांबवते.

“नोव्हेंबरपर्यंत जायचंय ते,” ती म्हणते. “दोरा दुहेरी घे.”