एका तावात दोन डबे

दिवाळीची भेट देताना वेष्टनावरच पैसे खर्च झाले, तर भेट आपोआप लहान होते. म्हणून कात्री लावण्यापूर्वी मोजावे. मिठाईचा डबा 10 इंच लांब, 7 रुंद व 2 उंच असेल, तर त्यास 20 बाय 13 इंचांचा तुकडा पुरतो. म्हणजे 20 बाय 30 इंचांच्या एका तावात दोन डबे होतात, आणि उरलेल्या पट्टीतून नावाच्या चिठ्ठ्या निघतात.

चिकटपट्टीऐवजी रंगीत दोरा बांधावा. कागद न फाटता सुटतो. सुरकुतलेल्या साध्या कागदावर सुती फडके घालून कोमट इस्त्री फिरवावी. चकचकीत कागदाला मात्र इस्त्री लावू नये.

वाशी-नेरूळची खाडीकाठची हवा दमट. तेथे कागद घडी न घालता गुंडाळून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून, भिंतीपासून दूर ठेवावा. पावसाळा सरताच सावलीत वारा द्यावा, म्हणजे कसर लागण्याची भीती कमी.

मिठाईच्या डब्यांवरील प्लॅस्टिकच्या पातळ वेष्टनावर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदीच आहे. तेव्हा घरचा कागद जपलेला बरा. भाऊबिजेची भेट लहान असली, तरी नीटनेटकी बांधलेली असली की देणाऱ्याला संकोच वाटत नाही.