खापरांतला आपला हिस्सा

उत्खनन हा शब्द हल्ली कानावर पडला की आपल्या घरांत आधी धस्स होते. कुठली मस्जिद, कुठला दर्गा, कोर्टाची तारीख कधी, हेच मनात येते. ही भीती उगाच आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्यापायी आपण या विषयाकडे पाठ फिरवून बसलो आहोत. जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन शरीफने आपल्याला वारंवार सांगितलेले असताना!

पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडली की गुजरातेत संजाण लागते. इराणहून आलेले आपले पूर्वज प्रथम इथे वसले, ही पारशी समाजाची जुनी आठवण. ती कागदावर उतरली मात्र सुमारे १६०० साली, घटनेनंतर कित्येक शतकांनी. मग खरे किती? पारशांनी हा प्रश्न दुसऱ्यांवर सोडला नाही. वर्ल्ड झरथुष्टी कल्चरल फाउंडेशन या त्यांच्याच संस्थेने पुढाकार घेतला आणि २००२ ते २००४ या काळात तज्ज्ञांनी रीतसर परवान्याने तिथे खोदकाम केले. अभ्यासकांत त्यांच्या समाजातले लोकही होते.

निघाले काय? मोहरांचे हंडे नव्हेत. निळसर-हिरव्या झिलईची पश्चिम आशियातली भांडी, चिनी मातीचे तुकडे, काच, आणि विटांचा एक दख्मा. वस्ती ८व्या ते १३व्या शतकातली ठरली.

आता यात आपला हिस्सा कुठे, ते पाहा. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूट काळातला शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा ताम्रपट मिळाला आहे. त्यात संजाण प्रांताचा कारभारी म्हणून ‘मधुमती’ हे नाव येते. मधुमती म्हणजे मुहम्मद! ताम्रपट त्याला ‘ताजिक’ म्हणतो. अरब-इराणी मुसलमानांसाठी तेव्हा तो शब्द होता. त्याने नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या, भात, कालवण आणि तूप फुकट मिळेल असे अन्नछत्र उघडले आणि एका मठासाठी जमीन दिली. ज्या बंदरात ती झिलईची खापरे निघाली, तिथलाच हा कारभारी. पारशांनी आपले घर शोधायला माती उकरली आणि शेजाऱ्याचेही घर उजेडात आले.

आपल्याकडे असा प्रश्न कोण विचारतो? अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला होता. तिथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही. त्यांच्या विहिरी, चुली, कबरी कुठे गेल्या? ‘आमच्या वस्तीचा शोध घ्या’ असे कोकणातल्या एखाद्या जमातीने विद्यापीठाला लिहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

भाग घ्यायचा म्हणजे कुदळ उचलायची नाही, हे आधीच सांगतो. परवान्याशिवाय उत्खनन करणे गुन्हा ठरू शकते, शिवाय त्याने पुरावाही मरतो. १९७४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या दायमाबादला एका भिल्ल गृहस्थाला झाडाचे खोड खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. वजन ६० किलोंहून अधिक. त्या भट्टीत गेल्या नाहीत, हे आपले नशीब. पण त्या मातीच्या कोणत्या थरात होत्या हे पाहायला जाणकार कोणी नव्हते, म्हणून त्यांच्या काळाबद्दल विद्वान आजही भांडतात. वस्तूइतकीच तिची जागा बोलते. जमिनीत काही दिसले तर ते तिथेच राहू द्यावे, फोटो काढावा आणि तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. पुरलेले धन १० रुपयांहून जास्त किमतीचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८च्या कायद्याने बंधनकारकच आहे.

खरे काम असते चाळणीचे आणि धुण्याचे. माती चाळायची, खापरे हलक्या ब्रशने धुवायची, सुकवायची, प्रत्येकावर नंबर घालायचा. घरात स्वतःचा पेलाही न विसळणारा मुलगा तिथे टोपलीभर खापरे धुवायला शिकेल! इतिहास शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थांत जाऊन अशा कामाची चौकशी करावी. मुलींना पाठवताना कां-कू करू नये.

आणि एक काम तर कुदळीशिवाय, आजच होण्यासारखे आहे. गावोगावी मस्जिदींची दुरुस्ती चालू आहे. नव्या टाइल्सच्या हौसेपायी जुने फारसी-अरबी शिलालेख ऑइलपेंटखाली जातात, नाहीतर मलब्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये. कब्रस्तानातल्या कोरीव शिळांवर कपडे आपटले जातात. कंत्राटदार येण्याआधी ट्रस्टींनी प्रत्येक दगडाचा, तो आहे त्या जागेवरचा फोटो काढून घ्यावा आणि अक्षरे वाचणाऱ्याला बोलवावे. पावसाळा संपला की दुरुस्त्यांना पुन्हा जोर येतो. बैठक त्याआधी व्हावी.